कोयत्याचा हिशेब आणि बीडचा तरुण

बीड जिल्ह्याचे नाव निघाले की बाहेरच्या माणसाला दुष्काळ आठवतो, ऊसतोड आठवते आणि अलीकडे गुन्हेगारीही आठवते. भाषणांत मात्र हा जिल्हा कायम 'विकसनशील' असतो. हा शब्द आम्ही शाळेत होतो तेव्हापासून ऐकत आलो आहोत. विकास व्हायचा तो तरुणांच्या हातून, हे वाक्यही प्रत्येक व्यासपीठावरून ऐकू येते. टाळ्या पडतात, हारतुरे होतात, आणि दसरा उलटला की तीच तरुण पोरे ट्रकच्या हौद्यात भांडीकुंडी, गोधड्या आणि लेकरे टाकून सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाचा रस्ता धरतात. तेव्हा तरुणांनी विकासात वाटा उचलायचा म्हणजे सकाळी उठून नेमके काय करायचे, याचा थोडा विचार वाचक बंधू-भगिनींपुढे मांडावा असे आमच्या मनात आहे. आम्ही पेशाने कारकून, शिक्षण वाणिज्य शाखेचे. म्हणून सुरुवात आकडेमोडीनेच करतो. वाचकांनी कंटाळू नये.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. जानेवारी २०२४ मध्ये कामगार संघटना आणि साखर संघ यांच्यात करार झाला आणि तोडणीचा दर टनाला सुमारे २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला. वाढ ३४ टक्क्यांची. संघटनांनी कोयता बंद ठेवून ती मिळवली, हे मान्यच केले पाहिजे. एक कोयता दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडतो, वाढे काढतो, मोळ्या बांधतो आणि डोक्यावरून गाडीत भरतो. म्हणजे अंधारात उठून दोन माणसांनी दिवसभर राबायचे, त्याचे ७३२ रुपये.

आता मुकादमाकडून घेतलेली उचल एक लाख रुपये धरा. एक लाखाला ३६६ ने भागले तर २७३ टन येतात. दिवसाला दोन टन म्हणजे १३७ दिवस. साडेचार महिने एक दिवसही ताप न येता, एक दिवसही पाऊस न पडता, कारखाना एक दिवसही बंद न राहता तोडले, तरच उचल फिटते. २०२४-२५ च्या हंगामात तर बऱ्याच कारखान्यांचे गाळप शंभर दिवसही चालले नाही. शंभर दिवस धरले तरी ७३,२०० रुपये होतात. राहिलेले २६,८०० रुपये अंगावर. ते पुढच्या सालच्या उचलीत आधीच वळते होणार. शिवाय मधून मधून किराण्याला, दवाखान्याला घेतलेले पैसे वेगळे. वाढे विकून चार पैसे येतात, त्यात मीठमिरची भागते इतकेच.

हे गणित अवघड नाही. सातवीच्या मुलाला सुटते. तरी किती घरांत ते सोडवले जाते? वही मुकादमाची, पेन मुकादमाचे आणि आकडाही मुकादमाचाच. आपल्याकडे फक्त अंगठा किंवा सही. पूर्वी घरात अक्षर ओळखणारे कोणी नव्हते, म्हणून ते समजण्यासारखे होते. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची साक्षरता ७७ टक्क्यांच्या घरात पोचली होती. आज तर प्रत्येक वस्तीवर बारावी झालेला पोरगा, बी.ए. झालेली सून आहे. तरीही वही अजून मुकादमाचीच!

दोन वर्षांपूर्वी केज तालुक्यातील एका वस्तीवर आमचे जाणे झाले. तेथे बारावी वाणिज्यला असलेला एक मुलगा भेटला. आई-बाप तोडीला गेलेले, हा आजीजवळ. त्याने बापाला एवढेच सांगून ठेवले होते, "आबा, गाडी कारखान्यावर खाली झाली की वजनकाट्याच्या पावतीचा फोटो मला पाठवत जा." टोळी आठ कोयत्यांची. बाप रोज फोटो पाठवी, पोरगा शंभर पानी वहीत तारीख, गाडी, वजन असे टिपून ठेवी. हंगाम संपला, हिशेब झाला. मुकादमाच्या वहीत आणि पोराच्या वहीत सतरा टनांचा फरक निघाला. एक अख्खी खेप चढलीच नव्हती! मुकादम प्रथम कुरकुरला, पण पावतीचा फोटो समोर होता. सतरा टनांचे ६,२२२ रुपये, म्हणजे कोयत्यामागे पावणेआठशे रुपये टोळीला जास्त मिळाले. त्या पोराने मोर्चा काढला नाही, कोणाला शिवी दिली नाही, मुकादमाशी वैरही धरले नाही. तो मुकादमही आपल्यासारखाच गरिबीतून आलेला होता. पुढच्या वर्षी त्याच वस्तीवरच्या आणखी दोन टोळ्यांनी या मुलाकडे वह्या दिल्या.

आमच्या मते त्या वर्षी त्या गावात झालेले विकासाचे सर्वांत मोठे काम हेच. सभामंडप झाला, पेव्हर ब्लॉक बसले, त्यांचे फलकही लागले. या कामाचा फलक लागला नाही.

आता घरातल्या मुलींकडे वळू. हा विषय माता-भगिनींनी विशेष लक्ष देऊन वाचावा. अर्ध्या कोयत्याला उचल कमी आणि भावही कमी. पोराचे लग्न झाले की पूर्ण कोयता होतो. दुसरीकडे पोरगी वयात आली की तिला कोपीवर नेता येत नाही आणि गावात एकटी ठेवता येत नाही. या दोन अडचणी एकमेकींना भेटल्या की चौदा-पंधरा वर्षांची पोरगी बोहल्यावर उभी राहते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड जिल्ह्यातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झाल्याचे आढळले. साऱ्या राज्याचा आकडा बावीसच्या आसपास होता. याच जिल्ह्यात २०११ साली सहा वर्षांखालील हजार मुलांमागे मुली होत्या ८०७. राज्यात सर्वांत कमी! आणि २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची माहिती घेतली, तेव्हा तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली निघाली. तोडीत खाडा नको, पाळीची कटकट नको, डॉक्टरने सांगितले ते खरे मानले, अशी कारणे बायकांनी सांगितली. हे आकडे वाचून नुसते हळहळून भागणार नाही. यांत तरुण कोठे बसतो ते पाहिले पाहिजे.

तो बसतो तो अर्जाच्या रांगेत. जून २०२१ मध्ये राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. राज्यातील ४१ तालुके, प्रत्येक तालुक्यात मुलांचे एक आणि मुलींचे एक अशी ८२ वसतिगृहे, प्रत्येकात शंभर जागा. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाला पैसा यावा म्हणून कारखान्यांकडून टनाला दहा रुपये आणि तितकीच भर शासनाची, असे सूत्र ठरले. गावोगाव शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालणारी हंगामी वसतिगृहे त्याआधीपासूनची. कागदावर व्यवस्था आहे. पण वसतिगृहात जागा हवी तर आई-बाप ऊसतोड कामगार असल्याचा दाखला लागतो. त्यासाठी ग्रामपंचायतीत नोंद लागते, ओळखपत्र लागते, जातीचा दाखला, आधार, बँकेचे खाते लागते. आई-बाप कर्नाटकात. आजीला कचेरीची पायरी माहीत नाही. मग जागा रिकामी राहते आणि पोरगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन फडात जाते. कारकून म्हणून सांगतो, हे सगळे कागद जमवायला धडधाकट शिकलेल्या पोराला चार दिवस पुरतात. चार दिवसांत एका मुलीचे लग्न चार वर्षे पुढे ढकलले जाते. याहून स्वस्त योजना आम्हाला तरी ठाऊक नाही.

आणि ज्यांना याहून मोठे काही करायचे आहे त्यांनी आपल्याच जिल्ह्याकडे पाहावे. शिरूर कासार तालुक्यात आर्वी येथे दीपक आणि कावेरी नागरगोजे या जोडप्याने ऐन तारुण्यात ऊसतोड कामगारांच्या आणि अनाथ मुलांसाठी शांतिवन उभे केले. गेवराईकडे संतोष गर्जे यांनी विशीच्या आतबाहेर असताना अनाथ मुलांसाठी बालग्रामचे काम सुरू केले. हाती जमीनजुमला नव्हता, मागे कोणी मंत्री नव्हता. ही माणसे पुण्याला नोकरीला गेली असती तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती.

हिशेबाच्या वहीचे दुसरे प्रकरण जमिनीचे आहे आणि ते आपल्या समाजाच्या काळजाजवळचे आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, मराठवाड्यातील आपली माणसे बायकामुलांसह तुरुंगात गेली. पुढच्या पिढीत बीड जिल्ह्यातील दुकडेगावचा, पोतराजाच्या घरात जन्मलेला एक मुलगा शिकला, नामांतराच्या काळात घडला आणि धारूर तालुक्यातील तेलगावहून मानवी हक्क अभियानाचे काम करू लागला. ते एकनाथ आवाड. २०१५ साली ते गेले. गायरान कसणाऱ्या मांग, महार, पारधी, भटक्या कुटुंबांना त्यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या तरुण कार्यकर्त्यांनी एक गोष्ट शिकवली: नांगर धरायचा तसा कागदही धरायचा.

का, ते सांगतो. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातील गायरानावरील अतिक्रमणे शेतीसाठी कायम करण्याचे धोरण ठरले. पण त्या काळात आपण जमीन कसत होतो याला पुरावा काय? गाव नमुना एक-ई मधील अतिक्रमणाची नोंद, तलाठ्याने ठोठावलेल्या दंडाच्या पावत्या, गावातल्या धनदांडग्यांनी उभे पीक मोडले तेव्हाची फिर्याद, उलट आपल्याच माणसांवर झालेले खटले. गंमत पाहा, ज्या कागदाने बाप गुन्हेगार ठरला तोच कागद लेकाला जमिनीचा पुरावा म्हणून उपयोगी पडतो! ज्या घरात आईने पत्र्याच्या पेटीत त्या पावत्या जपल्या ते घर दाद मागू शकले. ज्या घरात दिवाळीच्या साफसफाईत त्या गेल्या, ते घर आजही हेलपाटे घालते. २०२२ च्या अखेरीस उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानावरील अतिक्रमणे काढण्याच्या नोटिसा गावोगाव निघाल्या, तेव्हा ही पेटी पुन्हा सर्वांना आठवली. आमची तरुणांना विनंती आहे की बापाच्या, आजाच्या पेटीतील प्रत्येक कागदाचे दोन संच करा, तलाठ्याकडून एक-ई ची नक्कल काढा, तारखेप्रमाणे लावून ठेवा. संगणक येतो ना? मग त्याचा असा उपयोग करा.

संगणकाचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट कडू असली तरी बोलतो. गावातले सुविधा केंद्र हे आज शिकलेल्या पोराचे हक्काचे दुकान झाले आहे. २०२० च्या खरिपात बीडमध्ये पीक विमा घ्यायला कंपनी पुढे येईना, तेव्हा जे सूत्र काढले गेले ते 'बीड पॅटर्न' म्हणून राज्यभर गाजले. कंपनीच्या नफ्याला मर्यादा घालणारे ते सूत्र होते. पुढे बोगस पीक विमा भरल्याबद्दल २०२४ साली राज्यात ज्या केंद्रांवर कारवाई झाली, त्यांत बीडमधील केंद्रांचा भरणा मोठा होता. दोन्ही ठिकाणी जिल्हा एकच आणि आकडेच.

आणि याच्याही पलीकडचा रस्ता आहे. केज तालुक्यातील मस्साजोगला पवनऊर्जेच्या कंपनीचे काम आले. विकास आला म्हणायचा. ६ डिसेंबर २०२४ रोजी, महापरिनिर्वाणाच्या दिवशी, कंपनीच्या आवारात राडा होऊन गावातल्याच एका दलित पहारेकऱ्याला मारहाण झाली. सरपंच संतोष देशमुख मध्ये पडले. तीन दिवसांनी, ९ डिसेंबरला, त्यांचे अपहरण करून अमानुष खून करण्यात आला. कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी हे सारे जोडलेले असल्याचे तपास यंत्रणेने पुढे मांडले आणि प्रकरण न्यायालयात गेले. निकाल न्यायालय देईल. आम्ही फक्त एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. आरोपी म्हणून ज्यांची नावे आली त्यांत पंचवीस-तिशीची पोरे होती. त्यांनाही कोणीतरी 'तरुणांनो पुढे या' असेच म्हटले असेल. कोणाच्या वाढदिवसाचा फलक, कोणाच्या गाडीमागे गाडी, हातात पिस्तूल घेतलेला फोटो. काम नसलेल्या पोराला इतके पुरते. दोन-चार रिकामी वर्षे गेली की कोणीतरी 'भाऊ' त्या पोराला काम देतो. त्या कामाचा हिशेब मात्र पोराच्या आईला द्यावा लागतो. सरपंच देशमुख मराठा समाजाचे, पहारेकरी दलित. जातीच्या नावाने पोरांना एकमेकांवर सोडू पाहणाऱ्यांनी एवढा तपशील विसरू नये.

रिकाम्या वर्षांचा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. आमच्याकडे पहाटे कुठल्याही रस्त्याला गेले की भरतीची तयारी करणारी पोरे-पोरी धावताना दिसतात. चांगली गोष्ट आहे. आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे असाच लहानपणी शाळेपर्यंतचे अंतर पायांखाली घालत वाढला. बारावीनंतर सैन्यात गेला, तोही महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनसारख्या ठिकाणी चाकरी केली, मग धावपटू म्हणून घडला. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी. बीडचे नाव जगाने चांगल्या कारणासाठी घेतले ते त्याच्यामुळे. पण प्रत्येक धावणारा साबळे होत नाही, आणि २०२२ च्या अग्निपथ योजनेनंतर सैन्यात गेलेल्या शंभरांपैकी पंचवीसच चार वर्षांनंतर कायम राहायचे आहेत. म्हणून भरतीची तयारी करणाऱ्या मुलाने सकाळी अवश्य धावावे, पण दुपारी काय, याचेही उत्तर घरात असले पाहिजे.

उत्तरे नाहीतच असे नाही. बालाघाटच्या डोंगरावरचे बीडचे सीताफळ २०१६ साली भौगोलिक मानांकनात नोंदले गेले. तरी आज धारूरच्या घाटात बाया पाटीभर सीताफळे रस्त्यावर मांडून बसतात आणि मोटारवाला त्यातही भाव पाडतो. गर काढून, गोठवून विकणे हे पाच-दहा पोरींच्या बचत गटाला जमण्यासारखे काम आहे. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा लोहमार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला. बीड शहरात पहिली प्रवासी गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मुक्तिसंग्राम दिनी. मंजुरीच्या साली जन्मलेला पोरगा गाडी येईपर्यंत तिशीचा झाला होता. परळीपर्यंतचे काम तेव्हाही बाकीच होते. रेल्वे पोरांना घेऊन जाणार की माल घेऊन जाणार, हे गावात माल तयार होतो की नाही यावर ठरणार आहे.

आणि कोयताही फार दिवस राहील असे आम्हाला वाटत नाही. २०२३ साली शासनाने ९०० ऊसतोडणी यंत्रांना अनुदान देण्याची योजना काढली, यंत्राला पस्तीस लाखांपर्यंत. कोयता सुटावा हीच आपलीही इच्छा. पण तो यंत्राने हिसकावला तर उचल अंगावर आणि हात मोकळे, अशी पाळी येईल. ज्या घराचा हिशेब तोवर चुकता झाला असेल आणि ज्या घरातील मुलगी वसतिगृहात राहून बारावीला बसली असेल, ते घर या तडाख्यातून निभावेल.

आपल्या गावांत बाबासाहेबांच्या फोटोखाली बसणारी तरुण मंडळे आहेत, विहार आहेत. मिलिंद महाविद्यालयात १९५० नंतर ज्या पहिल्या पिढ्या शिकल्या, त्यांतली बरीच माणसे नोकरीच्या गावी स्थिरावली आणि खेड्याकडे पाठ झाली. शिकलेल्यांविषयी बाबासाहेबांनी १९५६ साली आग्र्याला जी व्यथा बोलून दाखवली ती आपल्याला तोंडपाठ आहे, म्हणून येथे पुन्हा सांगत नाही. योगायोग असा की १४ एप्रिलच्या आसपासच टोळ्या गावी परत येतात. हिशेब ताजा असतो, पावत्या खिशात असतात, माणसे आठ-पंधरा दिवस निवांत असतात. जयंतीची वर्गणी त्याच दिवसांत जमा होते आणि तिचा मोठा भाग डीजेच्या भिंतीत जातो, हे आम्ही रागाने म्हणत नाही, पण वर्गणीच्या पावत्या आम्हीच फाडतो म्हणून आकडा ठाऊक आहे.

यंदा मांडवाच्या कोपऱ्यात एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक जाड वही ठेवा. वाणिज्यचा एक पोरगा आणि डी.एड. झालेली एक सून तेथे बसवा. प्रत्येक कोयत्याचे नाव, मुकादम, कारखाना, उचल, टन आणि अंगावरची बाकी लिहून घ्या. शेजारच्या रकान्यात घरातील मुलामुलींचे वय आणि इयत्ता लिहा. गायरान असेल तर गट नंबर. मे महिन्यात दाखले काढा, जूनमध्ये शाळा सुरू होताच वसतिगृहाचे अर्ज टाका आणि पोच घ्यायला विसरू नका. पावसाळा लागला की नव्या सालची उचल सुटायला सुरुवात होते. ती घेण्याआधी प्रत्येक जोडप्याला मागच्या सालचे आपले पान वाचून दाखवा.